खिशातला दिवा

दिवाळीच्या अंकात दिव्यावर लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखकाच्या हाती आपोआप पणती येते. फार झाले तर समई, नाहीतर आकाशकंदील. या मंडळींचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या दिव्याविषयी मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत, त्याला ओवाळणीच्या तबकात कधी जागा मिळाली नाही. तो उशाखाली राहिला, खुंटीवर राहिला, सदऱ्याच्या खिशात राहिला. पुस्तकी मराठीत त्याला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात, आणि आमच्या पूर्णेत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, त्याला म्हणतात बॅटरी.

जुन्या माणसांच्या तोंडी आणखी एक शब्द येई : चोरबत्ती. यातला चोर म्हणजे चोरी करणारा नव्हे. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा या शब्दांत चोर म्हणजे लपलेला. हवा तेव्हा उजेड द्यावा आणि नको तेव्हा मुकाट्याने नाहीसे व्हावे, हा या दिव्याचा धर्म त्या एका शब्दात नेमका सापडला आहे. समईला हे जमत नाही, कंदिलालाही जमत नाही.

अंधारात चालणाऱ्या माणसाने हाती काय धरावे, हा प्रश्न फार जुना. मशाल, टेंभा, पलिता ही सारी उत्तरे खरी, पण ती तेल पिणारी आणि एक हात कायमचा अडकवून ठेवणारी. त्यामुळे ज्याला परवडे त्याच्यापुढे मशालजी चाले आणि ज्याला न परवडे तो काठी आपटत, मोठ्याने खाकरत, देवाचे नाव घेत वाट काढी. गोंधळ्याची दिवटी आणि भुत्याचा पोत आजही आपण पाहतो. पण ते देवीच्या दारचे दिवे. त्यांच्या उजेडात कोणी शेताला पाणी द्यायला जात नाही.

पुढे रॉकेल आले आणि त्याच्यामागून कंदील आला. परदेशी कंदिलांच्या त्या काळात ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली काचेचा कारखाना काढला, आणि तेथला ‘प्रभाकर’ कंदील मराठी मुलखात घरोघरी पोचला. कित्येक पिढ्यांचा अभ्यास या कंदिलाखाली झाला. तरीपण कंदील हा मूळचा घरात बसणारा दिवा. हाती घेऊन चालू लागले की त्याचा उजेड चहूकडे सांडतो, निम्मा आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही. शिवाय तो खिशात ठेवता येत नाही, हे तर उघडच आहे.

आमच्या गावाला रात्रीच्या उजेडाचा धडा रेल्वेने दिला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्याने मनमाडपर्यंत मीटरगेजची वाट टाकली गेली. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला, आणि पूर्णा हे जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे रात्र नसलेले गाव. वाफेची इंजिने होती तोवर शेडमध्ये राबता दिवसरात्र चाले, आणि प्रत्येक रेल्वेमाणसाच्या हाती एक हातबत्ती असे. तिच्यात रॉकेलचीच ज्योत. पण भोवतीच्या काचा फिरवल्या की पांढरा, हिरवा किंवा लाल असा हवा तो उजेड समोर येई. येथे दिवा हा पाहण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी होता.

रेल्वेचा एक नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. रात्री गाडी थांबवायची तर लाल उजेड दाखवावा. पण लाल उजेड हाताशी नसेल, तर पांढरा दिवाच शरीरासमोर जोरजोराने आडवा हलवावा. ड्रायव्हरने तो धोकाच समजावा. पावसाळ्यात रुळांवरून गस्त घालणाऱ्या माणसाला हे पाठ असते. ज्या नदीचे नाव आमच्या गावाने घेतले ती पूर्णा आमच्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. दोन मोठ्या नद्यांच्या कुशीतल्या गावात पूर म्हणजे काय आणि पुरात रुळाखालचा भराव वाहून जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. हातातला दिवा किती मोठा यापेक्षा तो ऐन वेळी लागतो की नाही, हे महत्त्वाचे. ही शिकवण मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

आता या विजेच्या दिव्याच्या जन्माकडे वळू. १८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशे याने जो विद्युतघट केला त्यात पातळ द्रव होता. तो कलंडला की संपले. १८८०च्या दशकात गासनर नावाच्या जर्मन माणसाने त्या द्रवाचा लगदा करून तो जस्ताच्या डब्यात बंद केला, आणि ‘कोरडा’ सेल जन्मला. त्यापुढची पायरी न्यूयॉर्कला पडली. रशियातून तेथे जाऊन राहिलेल्या कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीसाठी डेव्हिड मिसेल या इंग्रजाने एका नळीत सेल बसवले, टोकाला बल्ब आणि त्यामागे पितळी परावर्तक लावला. १० जानेवारी १८९९ला त्याचे पेटंट मिळाले. ती नळी कागदाची होती! बल्बमधली तार कोळशाची आणि सेल अशक्त. त्यामुळे उजेड क्षणभर टिकायचा, मग सेलला विसावा द्यावा लागायचा. म्हणून इंग्रजीत त्याचे नाव फ्लॅशलाइट, म्हणजे लकाकणारा दिवा. पुढे टंगस्टनची तार आली तेव्हा कुठे हा दिवा लकाकायचा थांबला आणि जळू लागला.

सेलच्या पोटात काय असते हे माझ्या पिढीच्या मुलांना पुस्तकाआधी ठाऊक होते. आम्ही संपलेले सेल दगडाने फोडत असू, आणि आतली काळी कांडी काढून तिने फरशीवर रेघोट्या ओढत असू. ती कांडी म्हणजे कोळशाचा, म्हणजे कार्बनचा, धन ध्रुव. बाहेरचा डबा जस्ताचा, तो ऋण. मधल्या लगद्यात नवसागर, तोच जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो. आणि काळी भुकटी मँगनीज डायॉक्साइडची. सेल वापरला जातो म्हणजे जस्ताचा डबा आतून हळूहळू खाल्ला जातो; तो पुरता खाल्ला गेला की लगदा बाहेर येतो. ‘सेलला पाणी सुटले’ असे आपण म्हणतो ते हेच. आणि मौज अशी की, या काळ्या भुकटीचे खनिज आपल्या महाराष्ट्रातच सापडते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज खास कोरड्या सेलच्या धंद्यासाठी नावाजलेले आहे. परक्या मुलखातून आलेल्या दिव्याचे पोट आपल्याच मातीने भरत आले, असे म्हणायला हरकत नाही.

ह्यूबर्टच्या कंपनीचे एव्हरेडी हे नाव हिंदुस्थानात लवकर रुळले. १९३४ साली कलकत्त्यात तिची येथली कंपनी स्थापन झाली, १९५८ साली लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. नऊ आकड्यातून उडी घेणारे मांजर खेड्यापाड्यांतल्या दुकानांच्या पाट्यांवर बसले. अलाहाबादच्या ‘जीप’नेही चांगला जम बसवला. दोन सेलची, तीन सेलची, क्वचित पाच सेलची अशी बॅटरीची प्रतवारी असे, आणि माणसाच्या ऐपतीचा अंदाज त्यावरून बांधता येई. निवडीची शास्त्रेही घरोघर होती. झाकणाच्या आत जादा बल्ब ठेवायची जागा आहे का? बटण अंगठ्याला सहज लागते का? काच फिरवून झोत लांब नेता येतो का? मंद झालेले सेल उन्हात वाळत घालावेत, म्हणजे दोन दिवस आणखी निघतात. आणि बॅटरी ठेवून देताना एक सेल उलटा घालावा, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी सेल वाया जात नाहीत. काटकसर ही त्या दिव्याची खरी वात होती.

या इतिहासात एक काळी रात्रही आहे. १९५९ साली या कंपनीचे नाव युनियन कार्बाइड इंडिया असे झाले होते. तिचाच कीटकनाशकांचा कारखाना भोपाळला होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री तेथून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे झोपेतून उठून अंधारात धावता धावता पडली. ज्या कंपनीने देशाच्या खिशात उजेड घातला, तिच्याच दाराशी ही रात्र आली. पुढे १९९४मध्ये मूळच्या अमेरिकन मालकांनी आपला वाटा विकला आणि कंपनीचे नाव पुन्हा एव्हरेडी झाले. नाव बदलता येते. भोपाळच्या घरांतली माणसे परत येत नाहीत. दिव्याचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळणे मला प्रशस्त वाटत नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आतबाहेर दिव्याचे जगच पालटले. १९९३च्या सुमारास जपानात नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी घडवला. त्यावर पिवळी भुकटी चढवून पांढरा उजेड मिळाला. या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले. तार नाही म्हणून तुटणे नाही, उष्णता थोडी म्हणून सेल पुष्कळ टिकतो. लिथियमचे पुन्हापुन्हा भरता येणारे सेल त्याआधीच, १९९१मध्ये, बाजारात आले होते. या दोहोंची सोयरीक जमली आणि एकेकाळच्या तीन सेलच्या दांडक्याचे काम बोटाएवढी नळी करू लागली. २००३मध्ये नोकियाच्या ११०० या साध्या फोनच्या माथ्यावर इवलासा दिवा आला आणि विजेरीला खिशात भाऊबंद मिळाला.

मग स्वतंत्र बॅटरी आता हवीच कशाला, असे वाचक विचारतील. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकदा विचारले, ‘बाबा रात्री शेतात कोणता दिवा नेतात?’ बहुतेकांनी सांगितले, ‘मोबाइल, सर.’ मला त्या उत्तराची काळजी वाटली. शेतीपंपाला वीज आठवडा पाळून कधी दिवसा, कधी रात्री मिळते, हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा अनुभव. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना आणली. पण रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला बांधावरून जावेच लागते. त्याच वेळी घोणस आणि मण्यारही बाहेर पडतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यातली.

मोबाइलचा दिवा मागच्या अंगाला असतो. तो धरून फावडे धरता येत नाही, आणि चिखलात पडला तर दिवा आणि फोन दोन्ही एकदम जातात. दंश झालाच तर पहिली गरज १०८ला फोन करून सरकारी दवाखाना गाठण्याची. अशा वेळी दिव्यासाठी जाळलेला फोन मुका झालेला असावा, यासारखे दुर्दैव नाही.

तेव्हा रोज खिशात बाळगायची बॅटरी निवडताना मी जुनीच शास्त्रे नव्याने लावतो. पहिली गोष्ट, तिचा सेल आपल्या गावच्या दुकानात मिळतो का? पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरी पूर्णेच्या बाजारात कधीच उपाशी राहणार नाही. भरता येणारी घेतली, तर सेल बदलता येतो की नाही हे पाहावे. नाहीतर सेल मेला की दिवा मेला. दुसरी गोष्ट, बटण. ते ओल्या हाताला, अंधारात, न पाहता सापडले पाहिजे, आणि खिशात आपोआप दाबले जाता कामा नये. तिसरी, झोत. विहिरीत किंवा लांबच्या बांधावर पाहायला अरुंद झोत हवा. पण पायाखाली पाहायला पसरट उजेडच बरा. वाटेसाठी शंभर ल्यूमेन पुरेसे होतात. डब्यावर छापलेल्या हजारांच्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. चौथी, रंग. किंचित पिवळसर उजेडात माती, पाचोळा आणि त्यात पडून राहिलेले जिवंत काही, यांतला फरक बहुधा चांगला कळतो. पाचवी, पाणी. पावसात भिजून जी बंद पडते ती बॅटरी पावसाळ्याच्या देशात कुचकामी. आणि शेवटची, वजन. जी जड म्हणून घरी राहते, तिचा उजेड कितीही असो, तो घरातच राहतो.

यंदा भाऊबीजेला बहिणीसाठी साडी किंवा भावासाठी सदरा आणताना त्यासोबत एक लहानशी बॅटरी आणून पाहा. शेतावर जाणाऱ्या भावाला, पहाटे शिकवणीला निघणाऱ्या भाचीला, रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या पाहुण्याला ती उपयोगी पडेल. दिवाळीच्या पणत्या चार दिवसांनी कोनाड्यात जातात. ही मात्र वर्षभर खिशात राहील, आणि ज्या रात्री खरोखर गरज पडेल त्या रात्री पाऊल टाकण्याआधी पुढची हातभर जमीन दाखवील.