पित्ताशयावांचून जीवन



पित्ताशयांत खडे होऊन त्रास देऊं लागले, म्हणजे शस्त्रवैद्य नुसते खडे काढीत नाहींत, तर ती पिशवीच काढून टाकतात. हें ऐकतांच रोग्याच्या मनांत प्रश्न उभा राहतो, "मग त्यावांचून मीं जगावें कसें?" या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

घोडा व हरिण यांस पित्ताशय नसतें, हें ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच नमूद केलें होतें. देवगिरीच्या पायथ्याशीं ज्या ज्या फौजा येऊन थडकल्या, त्यांच्या हजारों घोड्यांपैकीं एकासही पित्ताशय नव्हतें! सतराव्या शतकांत इटलींतील झांबेकारी यानें कुत्र्यांचें पित्ताशय काढून पाहिलें, तीं जगलीं. तथापि मनुष्याच्या बाबतींत कोणी धजेना. १८६७ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें डॉ. बॉब्स यांनीं एका स्त्रीच्या पित्ताशयांतील खडे काढले. पिशवी मात्र शिवून जागींच ठेविली.

बर्लिनच्या लाझारस रुग्णालयांतील कार्ल लांगेनबुख यांनीं निराळा विचार केला. पिशवी खडे सांठविते एवढेंच नव्हे, तर ती ते घडविते. म्हणून तीच काढली पाहिजे. प्रेतांवर अभ्यास करून, १५ जुलै १८८२ रोजीं, सोळा वर्षें शूळानें गांजलेल्या एका त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थावर त्यांनीं ही शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशीं तो गृहस्थ चिरूट ओढीत होता!

पुढें १९८५ सालीं जर्मनींत एरिख म्यूहे यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें, लहान छिद्रांतून हेंच कार्य साधलें. आपल्या देशांत तो मार्ग १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं घालून दिला.

आतां यांतील मर्म पाहूं. पित्त तयार होतें तें यकृतांत. पित्ताशय हें केवळ त्याचें कोठार. यकृत दिवसाकांठीं सुमारें पाऊण लिटर पित्त तयार करितें, आणि या कोठारांत पन्नास मिलिलिटरही मुष्किलीनें मावतें. कोठार गेलें, तरी झरा चालूच राहतो. पित्त थेट आंतड्यांत झिरपतें. प्रारंभीं कांहींना तेलकट-तुपकट सोसत नाहीं, कांहींना जुलाब होतात. बहुतेकांचें शरीर हळूहळू या नव्या व्यवस्थेस सरावतें.

आपल्याकडे मात्र शब्दानेंच घोटाळा केला आहे. आंबट ढेकर आली कीं आपण "पित्त झालें" म्हणतों, क्रोध आला कीं "पित्त खवळलें" म्हणतों. त्यामुळें पित्ताशय काढल्यावर जठराग्नीच विझला, असें समजून कित्येकजण वर्षानुवर्षें मऊ भातावर राहतात. उलट कित्येकजण या धास्तीनें शस्त्रक्रिया टाळतात. मग खडा नळींत अडकून कावीळ होते, अथवा स्वादुपिंडास सूज येऊन जीवावर बेततें. खड्यांपेक्षां ही भीति अधिक घातक होय.

आमच्या शहरांत १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा "घाटी" म्हणून ओळखतो. आज या शस्त्रक्रियेसाठीं कोणास बर्लिन गांठावयास नको. प्रस्तुत वक्त्याचें पित्ताशय काढून सहा वर्षें झालीं. ज्वारीची भाकरी व पिठलें रोज चालतें. सणास पुरणपोळीवर तूपही, बेतानें. शूळ उठत असेल, तर वैद्याची गांठ घ्या. ताप अथवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशीं घ्या. पिशवी काढून झाली असेल, तर थोडथोडें, पण निर्भयपणें जेवा.