अमरावती जिल्ह्यातील पेट्रोल व डिझेलचे दर

अमरावती जिल्ह्यातील पेट्रोल व डिझेलचे किरकोळ विक्रीदर एका पंपावरून दुसऱ्या पंपावर जाताना काही पैशांपासून सुमारे दोन रुपयांपर्यंत बदलत आलेले आहेत. ही तफावत मुख्यतः दोन कारणांनी निर्माण होते : तेल डेपोपासून पंपापर्यंतचा वाहतूक खर्च आणि महापालिका हद्दीच्या आत व बाहेर लागू असलेले राज्य कराचे वेगवेगळे दर. युरोपातील काही देशांत सुपरमार्केटच्या आवारातील पंप कमी दराने इंधन विकून ग्राहक खेचतात. भारतात किरकोळ दर बहुतांशी तेल कंपन्या ठरवतात. पंपचालकाला तो आपल्या मर्जीने बदलता येत नाही. त्यामुळे येथे दरांची तुलना करताना विक्रेत्यापेक्षा ठिकाण अधिक महत्त्वाचे ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

अमरावती जिल्हा पश्चिम विदर्भात म्हणजे वऱ्हाडात आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस वर्धा नदी व तिच्यापलीकडे वर्धा जिल्हा आणि पश्चिमेस अकोला जिल्हा आहे. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे तीर्थक्षेत्र वर्धा नदीच्या काठी असून अमरावती शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. प्राचीन विदर्भाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर म्हणून ते ओळखले जाते. येथे कार्तिक महिन्यात यात्रा भरते आणि येथून पंढरपूरला रुक्मिणीमातेची पालखी जाते. कौंडण्यपूरला येणाऱ्या वाहनचालकासमोर इंधन भरण्याचे तीन पर्याय असतात : अमरावती शहरातील पंप, तिवसा परिसरात राष्ट्रीय महामार्गावर असलेले पंप आणि नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसरातील पंप. या तिन्ही ठिकाणचे दर सारखे का नसतात, हे दराच्या रचनेवरून समजते.

दराची रचना

पंपावरील एका लिटरच्या किमतीत पाच घटक असतात.

१. तेल कंपनीची मूळ किंमत. ती आंतरराष्ट्रीय बाजारातील पेट्रोल-डिझेलचे भाव आणि रुपया-डॉलर विनिमय दर यांच्याशी जोडलेली असते.
२. डेपोपासून पंपापर्यंतचा वाहतूक खर्च.
३. केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क. ते प्रतिलिटर ठरावीक रकमेत आकारले जाते. २२ मे २०२२ पासून एप्रिल २०२५ पर्यंत ते पेट्रोलवर १९.९० रुपये व डिझेलवर १५.८० रुपये होते. एप्रिल २०२५ मध्ये दोन्हींवर प्रत्येकी २ रुपयांची वाढ झाली. मात्र तिचा भार ग्राहकांवर टाकला गेला नाही.
४. पंपचालकाचे कमिशन.
५. राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर. तो वरील चारही घटकांच्या बेरजेवर टक्केवारीने लागतो. पेट्रोलवर त्याशिवाय प्रतिलिटर ठरावीक रकमेचा अतिरिक्त करही असतो.

पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आलेले नाहीत. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू व विमानाचे इंधन हे पाच पदार्थ त्याबाहेर ठेवण्यात आले. त्यांच्यावर कर कधीपासून लावायचा याची शिफारस करण्याचा अधिकार वस्तू व सेवा कर परिषदेकडे आहे. त्यामुळे इंधनावरील विक्रीकर प्रत्येक राज्यात वेगळा राहिला.

वाहतूक खर्च

अकोल्याजवळील गायगाव येथील तेल डेपो हे पश्चिम विदर्भाला इंधन पुरवणारे प्रमुख केंद्र आहे. डेपोतून टँकरने इंधन पंपांपर्यंत जाते आणि अंतर वाढेल तसा वाहतूक खर्च वाढतो. हा खर्च राज्य कर आकारण्यापूर्वीच किमतीत मिळवला जात असल्यामुळे त्याच्यावरही कर लागतो. कराचा दर २५ टक्के असेल, तर वाहतुकीवरील १ रुपया ग्राहकाला १ रुपया २५ पैशांना पडतो. २१ टक्के असेल, तर १ रुपया २१ पैशांना. दूरच्या गावातील ग्राहक अशा रीतीने अंतराची किंमत व त्या किमतीवरील कर असे दोन्ही भरतो.

महाराष्ट्रात या परिणामाचे सर्वाधिक चर्चेतील उदाहरण परभणीचे आहे. परभणीला होणारा पुरवठा मनमाडजवळील पानेवाडी येथील डेपोतून होत असे. तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरामुळे तेथील पेट्रोल अनेकदा राज्यात सर्वांत महाग ठरत असे. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा परभणी मुंबईच्या आधीच त्या टप्प्यावर पोहोचले होते. मुंबईत हा टप्पा २९ मे २०२१ रोजी ओलांडला गेला. ऑक्टोबर २०२४ अखेरीस सरकारी तेल कंपन्यांनी पंपचालकांचे कमिशन वाढवले आणि त्याच वेळी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेरमांडणी केली. त्यामुळे डेपोपासून दूर असलेल्या अनेक ठिकाणी दर कमी झाले.

कौंडण्यपूर परिसर व नदीपलीकडील आर्वी हे वेगवेगळ्या जिल्ह्यांत असले, तरी दोन्हीकडे राज्य कराचा दर एकच आहे. जिल्ह्याची सीमा स्वतः दरात फरक पाडत नाही. पंपाला पुरवठा करणारा डेपो कोणता व तो किती दूर, यावर तेथील फरक अवलंबून असतो.

महापालिका हद्द व मूल्यवर्धित कर

राज्यात इंधनावरील कराचे दोन स्तर होते. बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या महापालिका क्षेत्रांत दर अधिक होता. उर्वरित महाराष्ट्रात कमी. १५ जुलै २०२२ पासून राज्याने पेट्रोलवरील कर प्रतिलिटर ५ रुपयांनी व डिझेलवरील ३ रुपयांनी कमी केला. त्यानंतरची रचना पुढीलप्रमाणे होती.

पेट्रोल : पाच महापालिका क्षेत्रांत २६ टक्के अधिक ५.१२ रुपये, उर्वरित राज्यात २५ टक्के अधिक ५.१२ रुपये.
डिझेल : पाच महापालिका क्षेत्रांत २४ टक्के, उर्वरित राज्यात २१ टक्के.

अमरावती शहराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, करपूर्व किंमत ७५ रुपये धरल्यास डिझेलवर शहरात १८ रुपये, तर हद्दीबाहेर १५.७५ रुपये कर लागे. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात लिटरमागे २.२५ रुपयांचा फरक पडे. पेट्रोलची करपूर्व किंमत ७८ रुपये धरल्यास हा फरक ७८ पैसे होई. डेपोच्या दृष्टीने तिवसा अमरावतीपेक्षा दूर असले, तरी करातील या फरकामुळे तेथील डिझेल शहरापेक्षा स्वस्त पडू शकत असे.

जून २०२४ मध्ये राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, ठाणे व नवी मुंबई क्षेत्रांतील कर उर्वरित राज्याच्या पातळीवर आणण्याची घोषणा झाली. जुलै २०२४ पासून मुंबईतील पेट्रोल १०४.२१ रुपयांवरून १०३.४४ रुपयांवर व डिझेल ९२.१५ रुपयांवरून ८९.९७ रुपयांवर आले. कराच्या दोन स्तरांमुळे पडणाऱ्या फरकाचा प्रत्यक्ष आकार या बदलातून दिसतो.

शेजारील राज्यांशी तुलना

अमरावती जिल्ह्यातील वरूड व धारणी तालुके मध्य प्रदेशाला लागून आहेत. नोव्हेंबर २०२१ नंतर मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के कर, लिटरमागे अडीच रुपये व १ टक्का उपकर, तर डिझेलवर १९ टक्के कर, दीड रुपया व १ टक्का उपकर अशी आकारणी होती. ७८ रुपये करपूर्व किमतीच्या पेट्रोलवर या हिशेबाने तेथे सुमारे २६ रुपये, तर महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रांबाहेर २४.६२ रुपये कर येतो. डिझेलवरही मध्य प्रदेशातील कर किंचित अधिक भरतो. त्यामुळे या सीमेवर पलीकडे जाऊन इंधन भरण्यात विशेष लाभ नव्हता.

गुजरातच्या सीमेवर चित्र उलट आहे. तेथे पेट्रोलवर १३.७ टक्के कर व ४ टक्के उपकर असल्यामुळे दर महाराष्ट्रापेक्षा सुमारे दहा रुपयांनी कमी राहिला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरसारख्या सीमावर्ती गावांतील पंपांच्या विक्रीवर त्याचा परिणाम होतो.

दरनिश्चितीचा इतिहास

२००२ पर्यंत पेट्रोलियम पदार्थांचे दर केंद्र सरकारच्या प्रशासित किंमत यंत्रणेखाली ठरत. ती यंत्रणा औपचारिकरीत्या संपल्यानंतरही सरकारचे नियंत्रण काही वर्षे कायम राहिले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. त्यानंतर दर महिन्याच्या १ व १६ तारखेच्या सुमारास दर बदलत. १ मे २०१७ पासून पुदुच्चेरी, विशाखापट्टणम, उदयपूर, जमशेदपूर व चंदीगड या पाच शहरांत दैनंदिन बदलाचा प्रयोग झाला आणि १६ जून २०१७ पासून ही पद्धत देशभर लागू झाली. नवा दर सकाळी सहा वाजता लागू होतो. मात्र दैनंदिन बदल ही सोय आहे, सक्ती नाही. ६ एप्रिल २०२२ नंतर सरकारी कंपन्यांनी आपली मूळ किंमत जवळजवळ दोन वर्षे स्थिर ठेवली. १५ मार्च २०२४ पासून ती लिटरमागे २ रुपयांनी कमी झाली.

सुपरमार्केट पंप व खुली स्पर्धा

ब्रिटनमध्ये टेस्को, सेन्सबरीज, अ‍ॅस्डा या साखळ्या आपल्या दुकानांच्या आवारात पंप चालवतात. त्या घाऊक खरेदी करतात आणि अल्प नफ्यावर इंधन विकून ग्राहकाला दुकानापर्यंत आणतात. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटांचा सरासरी नफा लिटरमागे ६ पेन्सने वाढल्याचे नमूद केले. स्वस्त विक्रेता स्वस्तच राहील ही खात्री ग्राहकाच्या तुलनेवर अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले. जर्मनीत २०१३ पासून पंपांना दरबदलाची माहिती तात्काळ सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून दुसऱ्या दिवशीचा दर आदल्या दिवशी जाहीर करून चोवीस तास तोच ठेवण्याचे बंधन आहे.

भारतात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांकडे सुमारे नऊ-दशांश पंप आहेत आणि एकाच ठिकाणी त्यांच्या दरांत सहसा पैशांचाच फरक असतो. नोव्हेंबर २०१९ मधील केंद्रीय धोरणाने किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी आधीची २,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अट काढून २५० कोटी रुपयांच्या निव्वळ मालमत्तेची अट ठेवली. त्यामुळे तेल व्यवसायाबाहेरील कंपन्यांनाही पंप उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यांनी पाच टक्के पंप दुर्गम भागात उघडावेत, असे बंधन त्यात आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात नायरा व जिओ-बीपी या खासगी कंपन्यांनी सरकारी कंपन्यांपेक्षा लिटरमागे एक रुपया कमी दर आकारला होता. जिओ-बीपीची सवलत डिझेलवर होती.

दरांची तुलना

तुलना करताना एकाच दिवशीचे, सकाळी सहानंतरचे व एकाच प्रतीच्या इंधनाचे दर घ्यावे लागतात. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा महाग असते. संकेतस्थळांवर शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने दिलेला दर प्रत्येक पंपाचा नसतो. विशिष्ट पंपाचा दर त्याच्या फलकावर, कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा पंपाच्या संकेतांकासह पाठवलेल्या एसएमएसवर कळतो.

दरासोबत मापही पाहावे लागते. ग्राहकाला पंपावर प्रमाणित पाच लिटरच्या मापाने तपासणीची मागणी करता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट अनुज्ञेय मर्यादेत धरली जाते. ९० रुपये दराच्या डिझेलमध्ये एवढ्या तुटीची किंमत २.२५ रुपये, म्हणजे लिटरमागे ४५ पैसे होते. दोन पंपांच्या दरांतील फरक अनेकदा याहून कमी असतो.

स्वस्त पंपापर्यंतचा प्रवासही हिशेबात येतो. लिटरला ५० किलोमीटर धावणारी दुचाकी जाऊन-येऊन १० किलोमीटर अधिक फिरली, तर सुमारे २० रुपयांचे पेट्रोल जळते. पाच लिटरवर लिटरमागे एक रुपया वाचला तरी बचत पाच रुपयांचीच होते. नांगरणी-पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी १०० लिटर डिझेल घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र लिटरमागे २.२५ रुपयांच्या फरकाने २२५ रुपये वाचतात. वऱ्हाडातील कापूस, सोयाबीन व संत्र्याच्या वाहतुकीचा आणि भाड्याने घेतलेल्या ट्रॅक्टरचा खर्च डिझेलवर अवलंबून असल्याने हा फरक प्रामुख्याने शेतीच्या खर्चात जाणवतो.

हे सुद्धा पहा

कौंडण्यपूर
अमरावती जिल्हा
मूल्यवर्धित कर
वस्तू व सेवा कर (भारत)
इंडियन ऑइल कॉर्पोरेशन