क्रेडिट कार्डाची थकबाकी : वसुलीचे मार्ग (भारत)

क्रेडिट कार्डावरची उधारी हे विनातारण कर्ज असते. घरकर्ज थकले तर २००२च्या सरफेसी कायद्यानुसार बँक दावा न लावताही घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. कार्डामागे तारणच नसल्याने हा रस्ता बंद असतो. रक्कम २० लाखांच्या आत असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडेही जाता येत नाही. मग उरतो साधा दिवाणी दावा, आणि तो किती रेंगाळतो हे बँकांनाही ठाऊक असते. बँकेचे खरे बळ म्हणूनच कोर्टाबाहेर आहे : व्याजात, पत-नोंदीत आणि फोनवर. थकबाकीदार मात्र बहुधा तुरुंगालाच घाबरतो.

महिना ३ ते ३.७५ टक्के हा व्याजदर अनेक कार्डांवर दिसतो. समजा ५०,००० रुपये थकले, दर साडेतीन टक्के आणि किमान भरणा २,५०० रुपये. त्यातले १,७५० व्याजात जातात, त्यावरच्या १८ टक्के जीएसटीत ३१५ जातात आणि मुद्दल कमी होते अवघे ४३५ रुपयांनी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनी एवढे मात्र केले, की न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर चक्रवाढ लावता येत नाही. किमान रक्कमही ९० दिवसांत आली नाही तर खाते अनुत्पादित ठरते. सिबिलसारख्या संस्थेकडे थकबाकीची नोंद आधी ग्राहकाला कळवूनच करावी लागते. पण एकदा ती झाली की पुढचे घरकर्जही अडते. तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले खाते ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, आणि पुढच्या बँकेला ते ‘क्लोज्ड’सारखे वाटत नाही.

वसुली एजंटांवर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने बंधने आणली. सकाळी ८च्या आधी व संध्याकाळी ७नंतर वसुलीचा फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास नाही. बँका यावर म्हणतात, तारण नाही, कोर्टाला वर्षे लागतात. मग दबावही आणायचा नाही तर बुडव्यांचा भार नियमित भरणाऱ्यांवर पडेल. पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष टिकत नाही. दर एवढा का, असे विचारले की याच बँका तारण नसल्याचे कारण देतात. म्हणजे बुडीताची किंमत व्याजात आधीच धरलेली असते. ती घेऊन वर दमदाटीचीही मुभा मागणे म्हणजे एकाच जोखमीचे दाम दोनदा वसूल करणे. तक्रारीचे ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मग बिल न भरले तरी चालते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. केवळ पैसे न देणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, पण थकबाकीपोटी दिलेला चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागू शकते, आणि पुरेशा शिलकीअभावी परत गेलेल्या स्वयंचलित हप्त्यालाही २००७च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. कार्ड आणि बचत खाते एकाच बँकेत असेल तर करारातल्या बारीक अक्षरांच्या जोरावर बँक थकबाकी त्या खात्यातून वळती करू पाहते. समन्स घेतले नाही की दावा टळतो, ही समजूत सर्वांत महागात पडते, कारण त्यातून एकतर्फी हुकूमनामा होतो आणि पाठोपाठ जप्तीची दरखास्त येते. तिथेही सीमा आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे ३१,००० पगारावर जप्ती फार तर १०,००० रुपयांची, तीही त्या हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने. दिवाणी कैद कायद्यात आहे, परंतु केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला आत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गिस प्रकरणात स्पष्ट केले. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. ती संपण्याआधी कर्जाची सही करून लेखी कबुली दिली की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. कार्डधारक वारला तर वारसांची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच राहते.