गूळपाण्यापासून गुळाच्या चहापर्यंत : बारामती व इंदापूर तालुक्यांतील चहाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात बारामती व इंदापूर या तालुक्यांचा उल्लेख प्रामुख्याने नीरा डावा कालवा, ऊस, सहकारी साखर कारखाने आणि दुग्धव्यवसाय यांच्या अनुषंगाने येतो. या सर्व गोष्टी ज्या एका पेयात दररोज एकत्र येतात, तो चहा मात्र अभ्यासविषय म्हणून उपेक्षितच राहिला आहे. चहाची पाने या दोन्ही तालुक्यांत पिकत नाहीत. ती आसाम, बंगालचा दुआर प्रदेश व निलगिरी येथून येतात. पाणी, गोडी आणि दूध हे उर्वरित तीन घटक येथलेच होत. आणि ते कोणाला केव्हा उपलब्ध झाले, यावरच कोणत्या घरी कोणता चहा उकळला गेला हे ठरत गेले. प्रस्तुत लेखात या दृष्टीने येथील चहाच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

कालव्यापूर्वीचे आदरातिथ्य

हा प्रदेश पर्जन्यछायेतील असून वार्षिक पाऊस सुमारे ५०० मि.मी. इतकाच, तोही बेभरवशाचा. बारामती तालुका पूर्वी भीमथडी या नावाने ओळखला जाई. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) यांचे वास्तव्य बारामतीस होते. त्या काळच्या बारामतीत पाहुण्यापुढे ठेवले जाई ते गूळ आणि पाणी. उन्हातून आलेल्या माणसास गुळाचा खडा व तांब्याभर पाणी देण्याची ही रीत केवळ शिष्टाचाराची नव्हती. दुष्काळी मुलखात पाणी हीच देण्यासारखी मोठी वस्तू होती आणि गूळ ही तिची शोभा.

याच भीमथडीतील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुढे दख्खनचे दंगे म्हणून ओळखला गेला. कर्जखते जाळणे हा त्याचा मुख्य हेतू होता. चहाच्या इतिहासाशी या घटनेचा थेट संबंध नाही. परंतु गुजर-मारवाडी दुकानदारांचे जाळे त्या वेळी खेडोपाडी किती घट्ट रुजलेले होते हे तिच्यावरून स्पष्ट होते. पुढे चहाची पुडी खेड्यात पोहोचली ती बहुतांशी अशाच किराणा दुकानांच्या फळीवरून, असे मानण्यास जागा आहे.

पुण्यातील पेला

पश्चिम भारतास चहा अगदीच अपरिचित नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने तेथील वाणी मसाले व खडीसाखर घालून चहा घेतात, तोही बहुधा औषध म्हणून, अशी नोंद केली आहे. मसाल्याच्या चहाचे मूळ शोधणाऱ्यांनी ही नोंद अवश्य लक्षात घ्यावी. मात्र मराठी समाजात चहा चर्चेचा विषय झाला तो दोन शतकांनंतर, आणि चवीमुळे नव्हे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात उपस्थितांस चहा व बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती मंडळी तेथे हजर होती. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास केवळ हात लावला, याचा काथ्याकूट वर्षानुवर्षे चालला.

या प्रकरणात प्रश्न पेयाचा नव्हता, पेला कोणाच्या हातचा हा होता. हाच प्रश्न पुढे तालुक्याच्या गावांतील हॉटेलांच्या बाकड्यांवर येऊन बसला. फरक इतकाच की तेथे त्याचे चटके सोसणारे लोक वेगळे होते आणि त्यांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात आली नाहीत.

कालवा, गूळ आणि रेल्वे

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला व पुढे भाटघरच्या धरणामुळे त्यास बारमाही आधार मिळाला. आरंभीची काही वर्षे शेतकऱ्यांनी पाणी बेतानेच घेतले. पाणीपट्टीची धास्ती होती, तसेच बागायतीसाठी लागणारे भांडवलही नव्हते. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर चित्र बदलले. सासवडकडील माळी समाजातील कसबी बागाईतदार कालव्याच्या कडेने जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागले व गुऱ्हाळांचा धूर दिसू लागला. बारामतीची गुळाची पेठ यातूनच वाढली.

पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० पर्यंत पूर्ण झाला होता. तो इंदापूर तालुक्याच्या उत्तर भागातून जातो. १९१४ च्या सुमारास दौंड-बारामती ही अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली. गूळ बाहेर जाण्यास जी वाट झाली त्याच वाटेने परदेशी व परप्रांतीय माल आत आला. त्यात चहाही होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कालव्याने तालुक्याचे दोन भाग केले. माळेगाव, पणदरे, सांगवी हा बागायती पट्टा आणि सुपे, मोरगाव, उंडवडी हा जिरायती पट्टा. इंदापुरातही कालव्याखालील पश्चिम भाग व त्यापलीकडील कोरडवाहू गावे यांत असेच अंतर पडले. चहाच्या चवीचा नकाशा काढावयाचा झाल्यास तोही बराचसा याच रेषेवरून जाईल.

पुडीचा चहा

भारतात पिकणारा चहा प्रारंभी जवळजवळ सर्वच निर्यातीसाठी होता. १९०३ च्या कायद्याने निर्यातीवर उपकर बसवून त्या निधीतून प्रचार सुरू झाला, परंतु देशी गिऱ्हाइकाचा खरा शोध सुरू झाला तो १९३० च्या दशकातील मंदीत, परदेशी मागणी कोसळल्यावर. पैशाला एक अशा लहान पुड्या, स्थानकांवर चहा करण्याची रीत सांगणारे फलक, बाजारच्या दिवशी फुकट वाटप अशी ही मोहीम होती. उकळते पाणी पानांवर ओतावे, थोडा वेळ मुरू द्यावे व दूध मागाहून घालावे, असे प्रचारक शिकवीत. लोकांनी चहा घेतला, रीत घेतली नाही. पाणी, पूड, गोडी आणि असल्यास दूध एकाच पातेल्यात उकळण्याची पद्धत रूढ झाली, कारण त्यायोगे थोड्या पुडीत अधिक माणसांचे भागत असे. याच सुमारास आसाममधील आमगुरी मळ्यात पाने चिरडून, फाडून, वळविणारे सीटीसी यंत्र तयार झाले होते. स्वातंत्र्यानंतर या पद्धतीची बारीक दाणेदार, गडद व स्वस्त पूड सर्वत्र पसरली आणि उकळून करावयाच्या चहास ती नेमकी मानवली.

पुण्यात त्याच काळात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी 'अमृततुल्य' दुकाने थाटली. पितळी पातेले, वेलदोडा व आले, पळीने सतत ढवळणे ही त्यांची खूण. बाजारहाट, कोर्टकचेरी वा शिक्षणासाठी पुण्यास जाणाऱ्या बारामती-इंदापूरकरांना 'पेशल' चहाची ओळख झाली ती बहुधा येथेच.

बाकडे आणि वेगळी कपबशी

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतरच्या दोन दशकांत एस.टी.चा थांबा आणि चहाचे हॉटेल ही जोडी प्रत्येक मोठ्या गावात दिसू लागली. वृत्तपत्रवाचन, राजकारण, जमिनीचे व्यवहार, सोयरीक यांना गावात प्रथमच देवळाबाहेरची व चावडीबाहेरची जागा मिळाली.

ती सर्वांना मिळाली असे मात्र नाही. पश्चिम महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणे येथील हॉटेलांतही दलितांसाठी वेगळी कपबशी असे. ती बाहेर वळचणीला खोचलेली असे, पिणाऱ्याने स्वतः विसळून परत ठेवावयाची असे. चहा वरून ओतला जाई. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून देऊन तेथे स्वतः चहा घेतला, हे उदाहरण सुविख्यात आहे. त्याचे अनुकरण करणारे मात्र थोडे निघाले. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय ठरविले. तरीही १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली, यावरून कायदा आणि कपबशी यांमधील अंतर लक्षात यावे. काचेचा पेला व पुढे एकदा वापरून टाकावयाचा कागदी कप आल्यावर वेगळी कपबशी दिसेनाशी झाली. यात मनःपरिवर्तनाचा वाटा किती व सोयीचा किती, हा प्रश्न अभ्यासकांनी टाळू नये.

कारखाना, साखर आणि दूध

१९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर साखर उद्योगास चालना मिळाली व इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे राहिले. १९५० च्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांची उभारणी झाली, तर त्यापाठोपाठ सोमेश्वर कारखाना आला. भागधारकांना सणासुदीस सवलतीच्या दराने साखर देण्याची प्रथा पडली. साखरेचा चहा आधी पाहुण्यापुरता होता, घरच्यांना गुळाचा. आता बागायतदारांच्या घरी साखरेची पोती आली आणि गुळाचा चहा मागे पडला. ज्यांचा कारखान्यात भाग नव्हता त्यांच्या वाट्यास शिधापत्रिकेवरील मोजकी साखर आली. भूमिहीन मजुरांच्या व जिरायत पट्ट्यातील घरांत गुळाचा, पुष्कळदा बिनदुधाचा कोरा चहाच चालू राहिला. लग्नाच्या बोलणीस गेल्यावर कोणता चहा पुढे आला यावरून घर जोखले जाई.

दुधाचे तसेच. १९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेनंतर संकरित गायी व दूध संकलन केंद्रे वाढली. परंतु दूध वाढले तसे ते डेअरीकडे जाऊ लागले. सकाळी केंद्रावर घालून उरेल तेवढे घरच्या चहात, असा हिशेब अनेक घरांतील स्त्रियांना बसवावा लागला. त्यामुळे दुधाच्या गावात फिका चहा हा विरोधाभास येथे नवा नाही.

गुळाचा चहा : कोपी आणि फलक

गुळाचा चहा करणे वाटते तितके सोपे नाही. पाण्यात पूड, आले व असल्यास परसातील गवती चहाची पात घालून उकळी आणावयाची, मग गूळ विरघळवावयाचा. गुळातील आम्लतेमुळे दूध त्यात उकळल्यास फाटते. म्हणून ते वेगळे तापवून, पातेले चुलीवरून उतरविल्यावरच घालावयाचे. ही खुबी कित्येक वर्षे केवळ गरीब घरांतील स्त्रियांनाच अवगत होती.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०१५ नंतर, गुळाच्या चहाचे फलक बारामती शहरात व पुणे-सोलापूर महामार्गालगत झळकू लागले. मातीचा कप, सेंद्रिय गूळ, आरोग्यास हितकर अशी त्याची जाहिरात होते. शेजारीच आटीव दुधाचा बासुंदी चहाही मिळतो. ज्या पेयाची एके काळी पाहुण्यापुढे लाज वाटे तेच आता साध्या चहाहून चार पैसे अधिक देऊन घेतले जाते.

याच रस्त्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे येतात. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांपुढे पहाटे तीन-चारच्या सुमारास तीन दगडांच्या चुली पेटतात व फडात जाण्यापूर्वी कोरा चहा होतो. त्यात गूळ क्वचितच असतो. किरकोळ बाजारात गूळ आता बहुधा साखरेहून महाग आहे, म्हणून मजूर चहात साखर घालतात.