गॅल्व्हेस्टनची पुनर्रचना
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या टेक्सस राज्यातील हे शहर मेक्सिकोच्या आखातालगतच्या अरुंद, वालुकामय बेटावर वसले आहे. बेटाचा सर्वोच्च भाग जेमतेम २.७ मी. उंच असल्याने ८ सप्टेंबर १९०० च्या चक्री वादळात ते बुडाले व सु. ६,००० ते ८,००० लोक मरण पावले. तथापि वाचलेल्यांनी शहर त्याच जागी पुन्हा उभारले. १९०२–०४ मध्ये ५.२ मी. उंचीची सागरी भिंत बांधण्यात आली. परंतु त्याहून धाडसाचे काम शहराची पातळीच उंचावण्याचे होते. दोन हजारांवर इमारती स्क्रू-जॅकांनी उचलून त्यांखाली पाण्याबरोबर वाहून आणलेली वाळू भरण्यात आली. घर उचलण्याचा खर्च मालकांनीच सोसला. हे काम १९११ पर्यंत चालले. तोवर लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत. १९१५ च्या वादळात भिंतीआड प्राणहानी अल्प झाली. व्यापार मात्र १९१४ मध्ये खुल्या झालेल्या ह्यूस्टनच्या जहाजी कालव्याकडे वळला.