बोटीच्या अंगावरची रेघ

बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणामागे जे पाणी अडलंय, त्याला संत चोखासागर म्हणतात. त्याच्या काठावर एका दुपारी माझा मित्र जुनी फायबरची बोट बघायला गेला होता. मी नुसता सोबतीला. मित्राची नजर मागे लटकवलेल्या इंजिनावर. बरोबर आणलेले भोई समाजातले म्हातारबा मात्र इंजिनाकडे ढुंकूनही न बघता बोटीभोवती फिरत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, इंजन मांगून पाहा. पयले डाग पाहा."

डाग म्हणजे शेवाळ आणि गाळाचा पिवळट पट्टा. बोट जिथपर्यंत पाण्यात बुडत आली, तिथपर्यंत तो चढलेला. डाव्या बाजूला तो उजवीपेक्षा चार बोटं वर होता आणि मागच्या टोकाला काठ जेमतेम वीतभर उरला होता. म्हणजे ही बोट कायम कन्नी खात आणि मागून दबून चाललेली. म्हातारबांनी बोटांच्या पेरांनी अंगावर ठोकायला सुरुवात केली. पुढे खणखणीत आवाज येत होता. इंजिन जिथे अडकवतात त्या फळ्यापाशी आवाज बसला, थप्प. फायबरच्या आतलं प्लायवूड पाणी प्यायलं होतं. रंग नवा होता, इंजिन एका झटक्यात चालू झालं होतं; खरी हकिकत डागाने सांगितली.

जो डाग इथे पाण्याने काढला होता, तोच मोठ्या जहाजांवर माणूस आधीच रंगवून ठेवतो. बंदरात उभ्या जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ दिसतं आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेघ. वर्तुळाचा व्यास 300 मिलिमीटर, रेघेची लांबी 450. माल भरताना ही रेघ पाण्याला टेकली, की भरणं थांबवायचं. जगभर तिला प्लिमसॉलची रेघ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. मध्ययुगात व्हेनिस आणि जेनोआच्या जहाजांवर भाराच्या खुणा असत. पण एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या जहाजांनी व्यापार फोफावला तेव्हा विलायतेत अशी सक्ती नव्हती. जीर्ण जहाज घ्यायचं, गळ्यापर्यंत भरायचं, किमतीहून जास्त विमा उतरवायचा आणि पाठवून द्यायचं. पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. बुडणारा खलाशी, मालक किनाऱ्यावर. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणू लागले.

सॅम्युअल प्लिमसॉल हा कोळशाचा व्यापारी, 1868 साली डर्बीहून पार्लमेंटात गेलेला. 1873 साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. 22 जुलै 1875 रोजी डिझरायली सरकारने जहाजांचं विधेयक गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा तो भर सभागृहात मुठी आवळून ओरडला, सभासदांना बदमाश म्हणाला. लोकमत असं पेटलं, की पुढच्याच वर्षी, 1876 साली, रेघ सक्तीची झाली.

मात्र मेख अशी, की रेघ कुठे मारायची ते मालकाने ठरवायचं होतं! ज्याला आवरायचं त्याच्याच हातात ब्रश. ही पळवाट बुजवून रेघेची जागा कायद्याने ठरवायला 1890 साल उजाडलं. 1930 साली देशादेशांचा करार झाला, 1966 साली तो नव्याने लिहिला गेला.

या भांडणापासून आपला बुलढाणा तसा दूर नव्हता. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची बडी पेठ. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. इथल्या रुईच्या गठाणी मुंबईच्या गोदीतून लिव्हरपूलकडे जायच्या आणि त्या काळचे रेल्वेचे रूळ विलायतेहून जहाजाने यायचे. कापूस हलका. त्याने जहाजाचं पोट भरतं, पण जहाज फारसं दबत नाही. दाबतं ते लोखंड, कोळसा, धान्य. वऱ्हाडात उतरलेल्या रुळांची जहाजं किती खोल बुडून आली, हे सांगणारी सक्तीची रेघ तेव्हा त्यांच्या अंगावर नव्हती.

मुख्य रेघेशेजारी एक छोटी शिडी असते, तिची प्रत्येक पायरी एकेका पाण्याची किंवा हंगामाची. खारं पाणी जड, म्हणून जहाज त्यात वर तरंगतं. गोड्या पाण्यात तेच जहाज तेवढ्याच मालानिशी आणखी खाली बसतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा शेकड्याला सुमारे अडीच भागांनी जड, म्हणून गोड्या पाण्याची पायरी मुख्य रेघेच्या वर. आपल्या जिल्ह्यात दोन्ही प्रकारचं पाणी आहे: खडकपूर्णेचं गोडं, लोणारचं खारं. नियम साधा. खाडीत निभावणारी बोट धरणात आणली, की ती थोडी जास्त बुडणारच. विकणारा हे सांगत नाही.

नदी-धरणांतल्या यांत्रिक बोटींसाठी आपल्याकडे 1917 सालापासून कायदा होता; बोटीची तपासणी करून दाखला द्यायचा आणि त्यावर किती माणसं न्यायची तो आकडा लिहायचा. 2021 साली त्याच्या जागी नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्याच वर्षी सप्टेंबरात, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवर झुंजजवळ नाव उलटून 11 जण गेले. दाखल्यावरचा आकडा कागदात असतो आणि कागद कपाटात. नावेत पाय टाकणाऱ्याला त्या घडीला तो दिसत नाही.

रेघेचा मोठेपणा इथेच आहे. ती वाचायला अक्षरओळख लागत नाही, अधिकारी लागत नाही. हमालाला दिसते, खलाशाला दिसते, काठावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला दिसते. किती भार पुरे, ही मालकाच्या मनातली गोष्ट प्लिमसॉलने बाहेर काढून जहाजाच्या अंगावर, चारचौघांत आणून ठेवली.

मित्राने ती बोट घेतली नाही. पुढे दुसरी घेतली, डाग दोन्हीकडे सारखा असलेली. पाण्यात घालण्याआधी म्हातारबांनी काठाखाली दोन वीत मोजून तिथे बोट ठेवलं, मित्राने तेलरंगाने पट्टा ओढला. "आता हे पाण्यात गेलं का, एक जण खाली उतरन," म्हातारबा म्हणाले. मग क्षणभर थांबून मित्राकडे बघत, "बोट ज्याची आहे, तोच."