डॉक्टर व्हायचंय? मार्कांबरोबर कागदांचीही तयारी करा

दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन शाळेत येणारे अब्बा-अम्मी एक वाक्य हमखास बोलतात, "टीचर, बच्चीला डॉक्टर बनवायचंय." ऐकून बरं वाटतं. मग आम्ही विचारतो, "दाखल्यावर जात लिहिलीय का? आधार कार्डावर आणि दाखल्यावर नाव एकच आहे का?" यावर बरेच पालक गप्प होतात. म्हणून हा लेख.

परीक्षा कशी असते

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीयूएमएस (युनानी) आणि बीएचएमएस या सर्वांचा प्रवेश नीट या एकाच परीक्षेतून होतो. 2025 च्या पेपरमध्ये 180 प्रश्न, 720 गुण आणि 3 तास होते. जीवशास्त्राचे 90, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45 प्रश्न. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. म्हणजे अंदाजे खुणा करणं महागात पडतं. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वय 17 पूर्ण हवं. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण लागतात.

एक गैरसमज दूर करू. नीट "पास" होणं म्हणजे सीट मिळणं नाही. पात्र ठरणारी मुलं लाखोंनी असतात, जागा त्या मानाने फार थोड्या.

उर्दू-मराठी माध्यमाची मुलं

नीटचा पेपर उर्दूत आणि मराठीतही मिळतो, सोबत इंग्रजी असतंच. भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. शिवाय एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीत. म्हणून आम्ही नववीपासूनच मुलांना तीन रकान्यांची वही करायला लावतो. उर्दूत खुलिया, मराठीत पेशी, इंग्रजीत सेल. जियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. रोज पाच शब्द केले तरी अकरावीत गेल्यावर मूल घाबरत नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं हा पाया. महागडा क्लास नंतर बघा, आधी ही पुस्तकं दोनदा वाचून झालीत का ते बघा.

नाव आणि जात: इथंच घात होतो

आमच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. मेहनती मुलगी. ओबीसीतून सरकारी कॉलेज मिळेल इतके गुण आले. पण दादांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेलं. जात पडताळणीचा कागद वेळेत आला नाही, खुल्या प्रवर्गात नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी कागद आला, पण त्या धक्क्यात अभ्यास बिघडला आणि गुण कमी पडले. आज ती बीयूएमएस करतेय, छान करतेय. तरी घरातला तो एक कागद आठवला की आम्हाला आजही वाईट वाटतं.

बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मणियार अशा कित्येक मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. अब्बा, दादा, परदादा किंवा चुलत घराण्यातल्या कुणाचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत. हे शोधायला महिने लागतात. म्हणून मूल अकरावीत विज्ञान शाखेत गेलं की लगेच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. "पावती आहे ना" म्हणून निश्चिंत राहू नका, मुदतवाढ दरवर्षी मिळेलच असं नाही.

नावाचंही तसंच. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख. कुठे मोहम्मद, कुठे नुसतं एमडी. मूल शाळेत असतानाच ही दुरुस्ती सोपी असते. दहावी होऊन गेल्यावर फेऱ्याच फेऱ्या.

बारावीच्या आधी या फाइलमध्ये हे असावं:
- दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला
- ओबीसी असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. अखिल भारतीय 15 टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो
- कुठल्याच राखीव प्रवर्गात नसाल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र

राज्याच्या 85 टक्के जागांचे प्रवेश सीईटी सेल करतो. तिथली नोंदणी वेगळी असते, ती विसरू नका.

परीक्षेच्या दिवशी

हिजाब किंवा बुरखा घालून जाता येतं. फक्त तपासणीला वेळ लागतो म्हणून प्रवेशपत्रावर दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच केंद्रावर पोचा. पायात साधी चप्पल, अंगावर दागिना नको.

खर्च आणि पुढची वर्षं

एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात शिकलं तर नंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड. तज्ज्ञ व्हायचं तर पीजीची आणखी तीन वर्षं. घरच्यांनी, विशेषतः मुलीच्या लग्नाची घाई असलेल्या घरच्यांनी, हा हिशेब आधीच मांडावा.

ओबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत राज्याची शुल्कमाफी आहे, मात्र प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे. व्याजाची अडचण वाटत असेल तर आधी शुल्कमाफी आणि शिष्यवृत्ती बघा. जकातीतून हकदार विद्यार्थ्याची फी भरावी, असं आम्ही मशिदीच्या जबाबदार मंडळींनाही सांगतो.

परदेशात पाठवणाऱ्या एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. तिथं जायलाही नीट पात्रता लागते. कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा. परत आल्यावर एफएमजीई पास केल्याशिवाय इथं प्रॅक्टिस करता येत नाही.

मेहनत मुलाची, कागद आई-बापाचे. दोन्ही वेळेत झालं तर पुढचं, इन्शाअल्लाह, सोपं होईल. आज रात्री जेवण झालं की घरातली ती जुनी पेटी उघडा आणि दादांचा दाखला शोधा.